लॅटिनच्या विभक्ती, इंग्रजी वाक्यं आणि आपली मराठी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नागपुरात हौसेनं लॅटिन शिकणारे थोडेच. बहुतेकांना ते गळ्यात पडलेलं असतं: मेडिकल-मेयो या इथल्या वैद्यकीय महाविद्यालयांत पहिल्या वर्षाला स्नायूंची नावं पाठ करताना, हायकोर्टाच्या निकालपत्रात, नाहीतर वनस्पतिशास्त्राच्या जर्नलमध्ये. मग कुणीतरी इंग्रजीतलं एखादं लॅटिन व्याकरण हातात देतं, आणि पहिल्या दहा पानांतच विभक्ती आडव्या येतात. तिथे अडकलेल्यांचे प्रश्न या पानावर आहेत. लॅटिन शब्द देवनागरीत आणि प्राचीन रोमन उच्चाराच्या जवळ जाईल असे लिहिले आहेत. कोर्टात आणि दवाखान्यात रुळलेले उच्चार मात्र तसेच ठेवले आहेत.

लॅटिनला विभक्ती किती?

सहा, आणि सातवीचे थोडे अवशेष. नॉमिनेटिव्ह म्हणजे आपली प्रथमा, अक्युझेटिव्ह म्हणजे द्वितीया, डेटिव्ह म्हणजे चतुर्थी, जेनिटिव्ह म्हणजे षष्ठी, व्होकेटिव्ह म्हणजे संबोधन. उरली अब्लेटिव्ह. तिच्यात आपल्या तृतीया, पंचमी आणि सप्तमी अशा तिघीजणी एकत्र नांदतात, म्हणून सगळ्यात जास्त गोंधळ तिथेच होतो.

अवशेष लोकेटिव्हचे. गावांच्या आणि शहरांच्या नावांत आणि मोजक्या शब्दांत ती टिकून आहे: "रोमाए" म्हणजे रोममध्ये, "दोमी" म्हणजे घरी, "रूरी" म्हणजे गावी, म्हणजे खेड्यात. मराठीतही सप्तमीचा "ई" असाच घरी, दारी, गावी एवढ्यापुरता उरला आहे. हा निव्वळ योगायोग असला तरी पाठांतराला उपयोगी पडतो.

सगळी पुस्तकं इंग्रजी वाक्यांपासून का सुरू करतात?

ती इंग्रजी मुलांसाठी लिहिलेली असतात म्हणून. इंग्रजी नामाला विभक्तीचा प्रत्यय जवळजवळ नाही, एक मालकीचा "एस" तेवढा राहिला आहे. कोण कर्ता आणि कोण कर्म हे तिथे शब्दांच्या जागेवरून कळतं. "द डॉग बाइट्स द मॅन" आणि "द मॅन बाइट्स द डॉग" यांत शब्द तेच आहेत, फक्त चावणारा बदलला. लॅटिनमध्ये "कानिस विरुम मोर्देत" म्हणा की "विरुम कानिस मोर्देत" म्हणा, कुत्राच माणसाला चावतो, कारण "विरुम"च्या शेवटचा "उम" त्याला कर्म ठरवतो. इंग्रजी मुलाला हे पटवायला पुस्तकं पाच पानं खर्च करतात. "माणसाला कुत्रा चावला" हे वाक्य रोज ऐकणाऱ्याला ती पानं नकोत.

तरी इंग्रजी वाक्य टाकून देऊ नका. काही ठिकाणी इंग्रजी कामाला येते, काही ठिकाणी मराठी, आणि दोन-तीन जागी दोन्ही मिळून खड्ड्यात घालतात. कुठे कुणाचं ऐकायचं, एवढंच खरं तर शिकायचं आहे.

इंग्रजी वाक्यातल्या नामाची विभक्ती ओळखायची सोपी चाचणी कोणती?

नाम काढा आणि त्या जागी "ही", "हिम" किंवा "हिज" ठेवून बघा. "ही" बसला तर नॉमिनेटिव्ह, "हिज" बसला तर जेनिटिव्ह. "हिम" बसला तर अक्युझेटिव्ह किंवा डेटिव्ह, आणि या दोघींत निवड करायला आणखी एक पायरी लागते: "टू हिम" असं म्हणून वाक्य फिरवता येतं का? "आय गेव्ह द बॉय अ बुक" हे "आय गेव्ह अ बुक टू द बॉय" असं फिरतं, म्हणून "बॉय" डेटिव्ह. "आय सॉ द बॉय" फिरत नाही, म्हणून तिथला "बॉय" अक्युझेटिव्ह.

या चाचणीचं एक वैगुण्य आहे. "इट इज मी" असं बोलणारे इंग्रज आता सगळीकडे आहेत, पण लॅटिनमध्ये "आहे"च्या पुढचं नाम नॉमिनेटिव्हच राहतं. इथे "तो डॉक्टर आहे" हे मराठी वाक्य आठवावं. त्यात "डॉक्टरला" कुणीच म्हणत नाही.

म्हणजे "टू" दिसला की डेटिव्ह, असं धरून चालू?

नाही. इथे दोन्ही भाषा फसवतात. "आय गो टू रोम" मधला "टू" जाण्याची दिशा सांगतो, आणि दिशेसाठी लॅटिन अक्युझेटिव्ह वापरते: "रोमाम एओ". शहराचं नाव नसून नुसतं "शहराकडे" असेल तर "आद उर्बेम", म्हणजे शब्दयोगी "आद" आणि पुन्हा अक्युझेटिव्ह. देण्याघेण्याचा, सांगण्याचा "टू" असेल तरच डेटिव्ह.

मराठीतही "मुलाला दिलं" आणि "पुण्याला गेलो" यांत "ला" एकच. आपल्याकडची बोली तर अजून मोकळी: "त्याले दे", "मी नागपूरले चाललो", "त्याले पाह्यलं", सगळीकडे "ले". हा एक "ले" लॅटिनमध्ये तीन वेगळ्या कामांत विभागला जातो: देणं डेटिव्हकडे, जाणं अक्युझेटिव्हकडे, आणि पाहणंही अक्युझेटिव्हकडेच. प्रत्यय बघण्याऐवजी क्रियापद बघा. कुणाच्या हातात काही पडतंय का, कुणाच्या कानावर काही जातंय का, की कुणी नुसतं कुठेतरी पोचतंय?

कर्माला मराठीत कधी "ला" लागतो, कधी नाही. लॅटिनमध्ये?

लॅटिनमध्ये कर्म सजीव असो की निर्जीव, अक्युझेटिव्हच. आपण "रामाला बघतो" म्हणतो पण "पुस्तक वाचतो" म्हणतो, आणि "पुस्तक" दिसायला प्रथमेसारखंच असतं. त्यामुळे मराठी विद्यार्थी "मी पुस्तक वाचतो" याचं लॅटिन करताना "लिबेर" तसाच ठेवतो. हवा असतो "लिब्रुम". या जागी "हिम" चाचणीच वापरा, मराठी नको.

नपुंसकलिंगी नामांत मात्र नॉमिनेटिव्ह आणि अक्युझेटिव्ह कायम सारखीच. संस्कृतमध्ये "फलम्" दोन्हीकडे चालतं, तसंच. "हेबियस कॉर्पस" मधला "कॉर्पस" कर्म आहे, "तू देह हजर कर" या अर्थाच्या वाक्याचं, पण रूप कर्त्यासारखंच दिसतं ते याच कारणानं.

"मुलाने लांडग्याला दगडाने मारलं". यात दोन "ने" आहेत. दोन्ही अब्लेटिव्ह का?

हा प्रश्न जवळपास प्रत्येकाला पडतो, आणि पडायलाच हवा. उत्तर: फक्त दुसरा. लॅटिन वाक्य होईल "पुएर लुपुम लापिदे नेकावित". "पुएर" नॉमिनेटिव्ह, "लुपुम" अक्युझेटिव्ह, "लापिदे" अब्लेटिव्ह. भूतकाळात सकर्मक क्रियापद आलं की मराठी कर्त्याला "ने" लावते. लॅटिन काळ बदलला तरी कर्त्याला हात लावत नाही. इंग्रजीही लावत नाही: "द बॉय किल्ड द वुल्फ विथ अ स्टोन", आणि "बॉय"च्या जागी "ही" बिनधास्त बसतो.

तेव्हा "ने" दिसला की आधी वाक्य वर्तमानकाळात न्या. "मुलगा लांडग्याला दगडाने मारतो." कर्त्याचा "ने" गळून पडतो, साधनाचा टिकतो. जो टिकला तो अब्लेटिव्ह.

अब्लेटिव्ह पुन्हा एकदा, सावकाश सांगाल का?

सांगतो. इंग्रजीत तिच्यासाठी "फ्रॉम", "विथ", "बाय", "इन", "ऑन" असे बरेच शब्द आहेत, आणि प्रत्येक शब्द कधी ना कधी दगा देतो.

"विथ" घ्या. "ही फाइट्स विथ अ सोर्ड" आणि "ही वॉक्स विथ अ फ्रेंड" यांत इंग्रजीला फरक दिसत नाही. लॅटिनला दिसतो: तलवार साधन आहे म्हणून नुसतं "ग्लादिओ", मित्र सोबती आहे म्हणून "कुम आमीको". मराठीत हा फरक आपसूक आहे, तलवारीने आणि मित्रासोबत. "सोबत", "बरोबर", "संग" म्हणावंसं वाटलं की "कुम" लावा. "ने" पुरेसा वाटला तर काही लावू नका.

"बाय"चंही तसंच. सैनिकाकडून मारला गेला असेल तर "आ मीलिते". भीतीने गारठला असेल तर नुसतं "मेतू". माणूस असेल तर मराठी "कडून" म्हणते आणि लॅटिन "आ" किंवा "आब" जोडते. वस्तू किंवा भावना असेल तर दोघीही नुसत्या प्रत्ययावर भागवतात.

"फ्रॉम" सरळ आहे. शहराचं नाव असेल तर शब्दयोगी न लावता "रोमा वेनिओ", मी रोमहून येतो. एरवी "एक्स उर्बे", शहरातून. पंचमीचे "ऊन" आणि "हून" इथे चपखल बसतात.

"इन" मात्र इंग्रजीवर सोडा, मराठीवर नको. आपण "शहरात राहतो" आणि "शहरात शिरतो" दोन्हींना "त"च लावतो. इंग्रजी "इन द सिटी" आणि "इन्टू द सिटी" वेगळं करते, आणि लॅटिनही करते: राहणं असेल तर "इन उर्बे", अब्लेटिव्ह; शिरणं असेल तर "इन उर्बेम", अक्युझेटिव्ह. शब्दयोगी एकच, फरक फक्त नामाच्या शेवटी.

वेळेचंही इथेच उरकून घेऊ. "तीन दिवस थांबतो" असा कालावधी असेल तर अक्युझेटिव्ह, "त्रेस दिएस". "तिसऱ्या दिवशी" असा नेमका क्षण असेल तर अब्लेटिव्ह, "तेर्तिओ दिए". मराठीत पहिल्याला प्रत्यय नाही आणि दुसऱ्याला "शी" आहे, एवढं ध्यानात ठेवलं तरी काम भागतं.

"ऑफ" म्हणजे नेहमी जेनिटिव्ह ना?

बहुतेक वेळा. पण "द सिटी ऑफ रोम"चं लॅटिन "उर्ब्स रोमा", दोन्ही नॉमिनेटिव्ह. आपणही "नागपूरचं शहर" म्हणत नाही, "नागपूर शहर" म्हणतो. "वन ऑफ द बॉइज" साठीही सहसा "ऊनुस एक्स पुएरीस", शब्दशः "मुलांतून एक", म्हणजे अब्लेटिव्ह.

दुसरी गोष्ट जेनिटिव्हच्या रूपाची. मराठीत षष्ठीचा प्रत्यय पुढच्या नामाप्रमाणे बदलतो: मुलीचा, मुलीची, मुलीचे. लॅटिनमध्ये "पुएल्लाए" ते "पुएल्लाए"च, पुढे पुस्तक येवो की गुलाब. इतकं सोपं असूनही मराठी डोकं उगाच पुढचं लिंग शोधत बसतं.

"आय हॅव टू ब्रदर्स" याचं लॅटिन इंग्रजीवरून जमत नाही. का?

ते मराठीवरून जमतं म्हणून. "मला दोन भाऊ आहेत" म्हणजे "मिही सुंत दुओ फ्रात्रेस". "मिही" डेटिव्ह, भाऊ नॉमिनेटिव्ह, क्रियापद भावांप्रमाणे अनेकवचनी. "आय लाइक द रोज" साठी "मिही रोसा प्लाकेत", म्हणजे मला गुलाब आवडतो, आणि इथेही क्रियापद गुलाबाच्या मागे जातं. लॅटिनमध्ये "माझ्याकडे आहे" या अर्थाचं वेगळं क्रियापदही आहे, "हाबेओ", पण ही डेटिव्हची रचना तितकीच अस्सल आहे. इंग्रजी पुस्तकांत तिला वेगळं नाव, वेगळा धडा आणि बरीच दमछाक. आपल्याला ती आईच्या मांडीवरच मिळालेली असते.

काही क्रियापदं मात्र कुठल्याच भाषेच्या भरवशावर सुटत नाहीत. विश्वास ठेवणं ("क्रेदो"), आज्ञा पाळणं ("पारेओ"), इजा करणं ("नोकेओ") यांना डेटिव्ह लागते. "आय ट्रस्ट यू" मध्ये तिचा मागमूस नाही आणि मराठीत आपण "तुझ्यावर" म्हणतो. पाठ करा.

"पुएल्लाए" हे रूप चार ठिकाणी येतं. ओळखायचं कसं?

मुलीचा, मुलीला, मुली, अगं मुलींनो, अशी ही चार कामं. आधी क्रियापद बघा. "पुएल्लाए कांतांत" मध्ये क्रियापद अनेकवचनी आहे, म्हणून मुली गातात. "पुएल्लाए रोसाम दो" मध्ये क्रियापद "मी देतो" असं आहे, म्हणून मुलीला. शेजारी दुसरं नाम असेल आणि क्रियापदाला डेटिव्हची गरज नसेल तर बहुधा जेनिटिव्ह, जसं "लिबेर पुएल्लाए". हाक असेल तर स्वल्पविराम दिसतो, निदान छापील पुस्तकात.

एक मोठं वाक्य बघू. "इन द गार्डन द फार्मर गिव्हज अ रोज टू द डॉक्टर्स डॉटर." लॅटिन: "इन होर्तो आग्रिकोला फीलियाए मेदिकी रोसाम दात." "दात" एकवचनी, म्हणून देणारा एक. "मेदिकी" हे "डॉक्टर" याचं प्रथमेचं अनेकवचनही असू शकतं, पण एकवचनी क्रियापदामुळे ती शक्यता बाद. राहतो "डॉक्टरचा". "फीलियाए"ला "देतो"मुळे डेटिव्ह. "आग्रिकोला" दिसायला स्त्रीलिंगी, पण शेतकरी पुल्लिंगी आहे. "होर्तो" अब्लेटिव्ह, कारण बागेत शिरणं नाही, असणं आहे.

शब्दकोशात प्रत्येक नामाची दोन रूपं का देतात?

दुसरं रूप जेनिटिव्हचं, आणि खरं अंग तिथे दिसतं. "रेक्स, रेगिस" मध्ये पुढची सगळी रूपं "रेग" वर चालतात. आपण "घोडा" पाठ करतो पण प्रत्यय "घोड्या"ला लावतो, तसं सामान्यरूप समजा. मेडिकलवाल्यांसाठी खास उदाहरण: "ओस, ओरिस" म्हणजे तोंड आणि "ओस, ओस्सिस" म्हणजे हाड. प्रथमेत दोन्ही सारखे लिहिले जातात. "पर ऑस" औषध तोंडावाटे, आणि "ऑस कॉक्सी" हे नितंबाचं हाड.

चिठ्ठीवरच्या बीडी, टीडीएस, एचएसमध्ये विभक्ती आहेत?

ठासून भरलेल्या. मेडिकल चौकातल्या कुठल्याही औषधांच्या दुकानात उभे राहा. "ओडी" म्हणजे "ओम्नी दिए", रोज, वेळेची अब्लेटिव्ह. "बीडी" मधला "दिए" तोच, "बिस" म्हणजे दोनदा. "एसी" म्हणजे "आंते किबुम" आणि "पीसी" म्हणजे "पोस्त किबुम", जेवणाआधी आणि जेवणानंतर. "आंते" आणि "पोस्त" यांना अक्युझेटिव्ह लागते. "एचएस" सगळ्यात सुंदर: "होरा सोम्नी", पहिला शब्द अब्लेटिव्ह, दुसरा जेनिटिव्ह, झोपेच्या वेळी. "एसओएस" आणि "स्टॅट" मध्ये मात्र नामाची विभक्ती शोधू नका. पहिल्यात अख्खं वाक्य दडलंय, दुसरं क्रियाविशेषण आहे.

स्नायूंच्या नावांत जेनिटिव्हचं राज्य. "लॅटिसिमस डॉर्साय" म्हणजे पाठीचा सर्वांत रुंद. "एक्स्टेन्सर डिजिटोरम" मध्ये "ओरुम" बहुवचनाचा, म्हणून बोटांचा. "एक्स्टेन्सर इंडिसिस" मध्ये एकवचन, म्हणून फक्त तर्जनीचा. प्रत्यय कळला की कुठला स्नायू किती बोटं सरळ करतो हे वेगळं घोकावं लागत नाही. जंतूंचंही तेच: "व्हिब्रिओ कॉलरी" म्हणजे कॉलऱ्याचा, "क्लॉस्ट्रिडियम टेटनाय" म्हणजे धनुर्वाताचा.

कोर्टातलं "सुओ मोटो" बरोबर की "सुओ मोटू"?

"सुओ मोटू". बातम्यांत "मोटो" सर्रास छापतात. मूळ नाम "मोतुस", नामं चालवण्याच्या चौथ्या गटातलं, आणि त्या गटात अब्लेटिव्ह "ऊ"नं संपते. आधीचा "सुओ" "ओ"नं संपतो म्हणून जीभ दुसऱ्यालाही "ओ" लावते. इंग्रजीत "ऑन इट्स ओन मोशन", मराठीत "स्वतःहून", आणि त्यातला "हून" पंचमीचाच.

"प्रायमा फेसी", "बोना फाइड", "सब ज्युडिस", "डी फॅक्टो", "एक्स ऑफिशिओ" या सगळ्या अब्लेटिव्ह. "अमिकस क्युरी"तला "क्युरी" म्हणजे "कूरियाए", जेनिटिव्ह, न्यायालयाचा मित्र. "अल्ट्रा व्हायरेस", "इंटर एलिया", "अ‍ॅड हॉक" या अक्युझेटिव्ह.

संत्र्याच्या शास्त्रीय नावात "रेटिक्युलाटा" का? "सिट्रस" तर पुल्लिंगी वाटतं.

वाटतं, पण नाही. झाडांची नावं लॅटिनमध्ये बहुधा स्त्रीलिंगी, शेवट "उस" असला तरी. म्हणून सिट्रस रेटिक्युलाटा, आणि पिंपळ फायकस रिलिजिओसा. विशेषण नामाच्या लिंग, वचन आणि विभक्तीला बांधलेलं असतं, शेवटच्या अक्षराला नाही. वडाच्या नावातला "बेंगालेन्सिस" स्थळावरून बनलेलं विशेषण आहे. तशाच घडणीनं कॅथलिक चर्चच्या कागदोपत्री आपलं शहर "नागपुरेन्सिस" होतं. कान्ह्याच्या बारशिंग्याच्या नावातलं "डुव्हॉसेली" मात्र विशेषण नव्हे, माणसाच्या नावाची जेनिटिव्ह: डुव्होसेलचा.

संस्कृत येत असेल तर फायदा होतो का?

भरपूर. विल्यम जोन्सनं 1786 मध्ये कलकत्त्यात संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन एका मुळाच्या असाव्यात असं मांडलं, ते अशा रूपांकडे बघूनच. संस्कृतचा चतुर्थी बहुवचनाचा "भ्यः" आणि लॅटिनचा "बुस" एका घराण्यातले. "ओम्निबुस" म्हणजे सर्वांसाठी, आणि त्याचं शेपूट तोडून झालेली "बस" सीताबर्डीवर धूर सोडत उभी असते. म्हणजे आपण एका विभक्तिप्रत्ययात बसून घरी जातो.

संस्कृतवाल्यांनी जपायची जागा एकच: तृतीया, पंचमी, सप्तमी वेगळ्या शोधायच्या नाहीत.

विभक्तींचा क्रम प्रत्येक पुस्तकात वेगळा का?

ब्रिटिश पुस्तकांत सहसा अक्युझेटिव्ह वर येते, अमेरिकी पुस्तकांत नॉमिनेटिव्हनंतर जेनिटिव्ह. कुठलाही एक धरा, अर्ध्यात बदलू नका.

सरावाला दोन-तीन वाक्यं द्याल का?

घ्या. आधी विभक्ती सांगा, मग उत्तर बघा.

"द किंग ऑफ द सिटी लव्हज हिज सन." रेक्स उर्बिस फीलिउम आमात. नॉमिनेटिव्ह, जेनिटिव्ह, अक्युझेटिव्ह. "हिज" लॅटिनमध्ये सांगायची गरज नाही. स्वतःच्याच मुलावर प्रेम करतो, हे धरलेलं असतं.

"आय लिव्ह इन रोम." रोमाए हाबितो. लोकेटिव्ह. इथे "इन" लिहिलात तर गुण गेले.

"दे केम फ्रॉम रोम इन थ्री डेज." रोमा त्रिबुस दिएबुस वेनेरुंत. दोन्हीकडे अब्लेटिव्ह: पहिली "हून"ची, दुसरी "तीन दिवसांत"मधल्या "त"ची.